बाजेखालचा तास

ऑनलाइनच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी बारावीचं गणित बाजेखाली शिकवलं. बाजेवर नाही, बाजेखाली. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं कसं? म्हणून पहिल्यापासूनच सांगते.

तेव्हा मी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होते. तासिका तत्त्व म्हणजे घेतला तास तर पैसे, नाहीतर घरी बसा. कायम नोकरीतल्या मंडळींना ऑनलाइन ही डोकेदुखी होती. माझ्यासाठी तो पोटाचा प्रश्न होता. तास बंद तर मी बंद.

वर्षभर ज्याने त्याने कसंबसं निभावलं. टाळेबंदी पुन्हा लांबली तशी प्राचार्यांनी एक बैठक घेतली. स्क्रीन कशावर दाखवायची, रेकॉर्डिंग कशात करायचं, मुलांना पाठवायचं कसं, हे कोणीतरी एकाने नीट बघून ठरवा, असं ते म्हणाले. सगळे ज्येष्ठ एकदम खाली बघायला लागले. कुणाला चष्मा पुसायचा होता, कुणाची चप्पल सुटली होती. मग एकजण म्हणाले, "मॅडम तरुण आहेत." मी चाळिशीला टेकलेली. पण त्या खोलीत खरंच मीच तरुण होते, त्यामुळे गळ्यात घंटा माझ्याच आली.

निघताना प्राचार्य आणखी एक वाक्य बोलले. पुण्याची कुठलीशी कंपनी सगळा अभ्यासक्रम रेकॉर्ड करून विकते म्हणे. "तुमचं जमलं तर उत्तम. नाही जमलं तर आपण ते पॅकेज घेऊन टाकू, कुणाला त्रास नको." कुणाला त्रास नको म्हणजे माझे तास गेले. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्यांना ते खरंच उपकारच वाटत होते.

घरी आले ती तणतणतच. आमचं घर मेहरूणला, तलावापासून जवळ. नवरा, सासूबाई आणि मी. नवऱ्याने माझा चेहरा बघितला आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेला. टाळेबंदीत भाजी आणायला जाणं ही त्याची ठरलेली पळवाट होती.

मी नानांना फोन लावला. नाना म्हणजे माझे वडील. धुळ्याजवळ सोनगीरला राहतात. सगळी नोकरी त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत काढली. त्यांची एक खोड होती. फळ्यावर काही लिहून झालं की खडू खाली ठेवायचे, चालत शेवटच्या बाकापर्यंत जायचे, तिथल्या पोराला सरकवून त्याच्याशेजारी बसायचे आणि स्वतःचाच फळा डोळे बारीक करून बघायचे. तिथून दिसलं तर पुढे जायचं. नाही दिसलं तर पुसून पुन्हा मोठ्या अक्षरात. मीही त्यांच्याच शाळेत शिकले, त्यामुळे ही वरात मी रोज बघितली आहे. मला तेव्हा त्याची फार लाज वाटायची. बाकीच्या गुरुजींकडे छडी होती, खुर्ची होती, आणि माझे वडील पोरांमध्ये मांडी घालून बसायचे.

मी डावखुरी. डाव्या हाताने लिहिलं की लिहिलेलं आपल्याच हाताखाली झाकलं जातं. लोकांनी नानांना सुचवलं, पोरीचा हात बदला. नानांनी हात बदलला नाही. ते फक्त म्हणायचे, "लिही आन् सरक." लिहायचं आणि बाजूला व्हायचं. पुढे मी फळ्यासमोर उभी राहायला लागले तेव्हा ही सवय अंगात मुरलेली होती. ओळ लिहिली की माझे पाय आपोआप सरकायचे.

तर नानांना मी म्हटलं, मी एकेक ॲप लावून बघते, तुम्ही तिकडून माझा शेवटचा बाक व्हा. सोनगीरला किल्ल्याची टेकडी अशी मध्ये येते की आमच्या घरात मोबाईलची रेंज शिरतच नाही. ती ओट्यावर मिळते, तीही निंबाच्या बाजूच्या कोपऱ्यात. आणि ओट्याला लागून शेजारी तांबटाचं दुकान. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव, तिथे दिवसभर ठोकठोक चालते. माझा हिशोब साधा होता. त्या कोपऱ्यात त्या आवाजात नानांना जे दिसेल आणि ऐकू येईल ते माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला दिसेल.

पहिलं ॲप चांगलं नावाजलेलं होतं. मी लॅपटॉपची स्क्रीन दाखवली, पाठ सुरू केला, आणि माझ्या लक्षातच आलं नाही की स्क्रीन दाखवायची म्हणजे सगळी स्क्रीन दाखवली जाते. मी विकलनाचा नियम सांगत असताना वरच्या कोपऱ्यात नवऱ्याचा मेसेज उगवला. "दूध नासलं. आईला सांगू नको." हे नानांबरोबरच्या चाचणीत झालं असतं तर घरात राहिलं असतं. पण मी उत्साहाच्या भरात त्या दिवशी वर्गालाही बोलावलं होतं. चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "मॅडम, पनीर करा." त्या आठवड्यातला माझ्या वर्गाचा तो एकमेव लेखी प्रतिसाद.

नानांचा शेरा संध्याकाळी फोनवर आला. ते शाळा तपासणीच्या भाषेत बोलायचे. "आवाज स्पष्ट. चित्र अंधुक. दूध नासणे, हा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा. सुधारणेस वाव आहे."

दुसरं रेकॉर्डिंगचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. ते रेकॉर्डिंग करायचं छान, पण आपलं नाव चित्राच्या बरोबर मधोमध छापायचं. माझा आलेख काढला की आरंभबिंदूवर त्यांची जाहिरात. तिसऱ्यात चित्र आलं आणि आवाज गेला. पूर्ण तास मी ओठ हलवत होते. नवऱ्याने ते रेकॉर्डिंग सलग बघितलं आणि हेच सगळ्यात चांगलं आहे म्हणाला. त्याला मी दोन दिवस स्वतः चहा करून घ्यायला लावला. चौथ्यात चित्र, आवाज दोन्ही सुरेख, पण एका तासाची फाईल इतकी मोठी की ती उघडायची तर पोरांचा दिवसाचा डेटा तिथेच संपायचा. मग मी लिहायची इलेक्ट्रॉनिक पाटी उसनी आणून बघितली. हात एकीकडे, अक्षर दुसरीकडे. माझं अक्षर पहिलीतल्या पोरापेक्षा वाईट दिसायला लागलं. नानांनी शेरा दिला, "शिक्षिकेने शुद्धलेखनाचा सराव करावा."

मी चिडले. मला कागदावर, हाताने, नेहमीसारखं लिहायचं होतं आणि ते वरून मोबाईलने दाखवायचं होतं. एवढीच मागणी. पण मोबाईल वरून धरणार कोण? पुस्तकांच्या चळतीवर ठेवला, पडला. पंख्याला बांधायचा विचार नवऱ्याने केला, तो मी मोडून काढला. आणि मग मागच्या खोलीत मला बाज दिसली.

आमच्याकडे एक जुनी सुंभाची बाज आहे. उन्हाळ्यात सासूबाई तिच्यावर बिबडे वाळवतात. बिबडे म्हणजे ज्वारीचे मोठे पापड. बाजेच्या विणीत मधे मधे भोकं असतात, बोटभर रुंदीची. मी मोबाईल बाजेवर आडवा ठेवला, कॅमेरा एका भोकावर आणला आणि खाली जमिनीवर वही ठेवून बघितलं. चित्र एकदम सरळ, स्थिर. खालून टेबललॅम्प लावला. कागद फार चमकत होता म्हणून माळ्यावरची जुनी दगडी पाटी काढली. काळ्या पाटीवर पांढरं अक्षर. मी बाजेखाली शिरले, उजव्या कोपरावर रेलले आणि डाव्या हाताने मॅट्रिक्स मांडलं.

नानांचा फोन आला. शेरा नव्हता. नुसतं म्हणाले, "बठ्ठं दिसनं." सगळं दिसलं.

झालं. मी ठरवून टाकलं. लाइव्ह वर्ग साध्या ॲपवर, चित्र बाजेवरच्या मोबाईलमधून, पोरांची यादी शेजारच्या लॅपटॉपवर, रेकॉर्डिंग कमीत कमी आकारात, आणि ते लगेच व्हॉट्सॲपवर. महागडं काहीच नाही. प्राचार्यांना कळवलं तेव्हा बाजेचा उल्लेख मी टाळला. "वरून कॅमेऱ्याची सोय केली आहे," एवढंच लिहिलं.

आता यात एकच अडचण होती. फळ्यासमोर मला सरकता यायचं. बाजेखाली सरकणार कुठे? चारही बाजूंनी पाय, बाजेचे आणि माझे. ओळ लिहिली की हात तिथेच राहायचा आणि लिहिलेलं झाकून टाकायचा. लिहिण्याच्या नादात मला ते कळायचं नाही. कळवायला हवं होतं पोरांनी, आणि पोरं बोलायचीच नाहीत. वर्षभरात ती माइक बंद करून अशी बसायची की त्या चौकटींमागे कोणी आहे की नाही याची शंका यावी. "समजलं का?" विचारलं की अंगठे यायचे. पिवळे, हसरे, निर्जीव अंगठे.

बोलायचे ते नाना. चाचणीसाठी दिलेली लिंक तीच वर्गाची कायमची लिंक होती, आणि चाचणी संपली असं मी नानांना कधी सांगितलंच नाही. मग ते रोज वेळेवर हजर. पुतण्याने घेऊन दिलेला फोन, त्यावर त्यानेच "नवा मोबाईल" असं नाव घातलेलं, त्यामुळे वर्गाच्या यादीत नाना "नवा मोबाईल" म्हणून दिसायचे. कॅमेऱ्यात अर्धी टोपी आणि बाकी सगळा निंब. माइक कायम चालू. ठोकठोक, ठोकठोक, आणि मधूनच आवाज, "बेटा, हात काढ. मधली ओळ दिसत नही." मी हात काढायचे. पुन्हा ठोकठोक. पोरं त्यांना आजोबा म्हणायला लागली होती.

एकदा वारा सुटला. आमच्याकडे चैत्रात दुपारी वावटळ उठते ती सांगून येत नाही. सासूबाई गच्चीवरून ओले बिबडे कापडासकट घेऊन धावत आल्या आणि नेहमीच्या सवयीने त्यांनी ते बाजेवर पसरले. मोबाईलवर. मी खाली बोलतच होते. तो भोकावरून सरकला आणि वर्गात अंधार झाला. मग सासूबाई दमून बाजेच्या काठावर बसल्या, वीण खाली झुकली, माझं डोकं दाबलं गेलं आणि मी ओरडले. त्याही ओरडल्या. "अगं, तू दिवसभर या बाजेखाली काय शिरून बसतेस? जावई लोक आले तर काय म्हणतील?" त्यानंतर शेजारच्या काकूंना त्यांनी बिबड्यांचं पीठ कसं आंबवलं ते सविस्तर सांगितलं. सगळं रेकॉर्ड झालं आणि आपोआप ग्रुपवर गेलं. माझ्या कुठल्याही तासाला पोरांनी इतकं मन लावून बघितलं नसेल. नानांचा शेरा, "बिबड्यांत मीठ किती ते सांगितलेलं नाही."

असं हसतखेळत चाललं होतं, तोवर प्राचार्यांचा निरोप आला. पुण्याच्या कंपनीचा माणूस प्रात्यक्षिक दाखवणार आहे, सगळ्यांनी जोडून घ्यावं. बैठकीसाठी त्यांनी सोय म्हणून माझ्याच वर्गाची कायमची लिंक वापरली. वेळही नेमकी माझ्या तासाची. हे कळल्यावर मला खरं तर सोनगीरला फोन करायला हवा होता, पण तेव्हा कसलं सुचतंय. पॅकेज पसंत पडलं की माझं काम संपलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

प्रात्यक्षिक सुरू झालं आणि माझं तोंडच पडलं. काय ते चित्र! निळा भलामोठा पडदा, त्याच्यापुढे कोट घातलेला देखणा तरुण, हातात पेनासारखं काहीतरी, ते फिरवलं की आलेख आपोआप उमटतो, रंग भरतो, फिरतो. आवाज तर असा, जणू कानाला मध लावला. प्राचार्य "वा, वा" म्हणत होते. ज्येष्ठांपैकी एकाने टाळीची खूणही टाकली. मी बाजेखालच्या माझ्या दगडी पाटीकडे बघितलं आणि मला रडू यायला लागलं.

आणि तेवढ्यात ठोकठोक सुरू झालं.

यादीत "नवा मोबाईल" आलेला होता. वेळेवर. अर्धी टोपी आणि निंब. टोपी फोनजवळ सरकली. मग अगदी शाळेतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "सर, नमस्कार. जरा डावीकडे सरकता का? आकृतीचा कोपरा झाकला गेला आहे."

कोटवाला सरकला नाही. तो हसून पुढच्या पायरीकडे वळला.

"सर," नानांचा आवाज थोडा चढला, "फळा दिसत नाही. लिहून बाजूला व्हावं."

कोटवाला म्हणाला, "आता तुमच्या लक्षात आलंच असेल."

"नाही आलं," नाना म्हणाले. "म्हणूनच सांगतो आहे." कोटवाला पुढेच चालला. मग नानांची मराठी संपली आणि घरची बोली सुरू झाली. "ओ भाऊ! मी काय भितडासंगे बोली राह्यनू का? म्हतारा माणूस दोनदाव सांगी राह्यना, फया दिसत नही, आन् तुम्ही हसतस!"

मला काय करावं सुचेना. बैठकीपुरता लिंकचा ताबा मी प्राचार्यांना दिला होता, त्यामुळे म्यूट करायची सोय त्यांच्याकडे होती, आणि त्यांना ती कुठे आहे हे माहीत नव्हतं. "कोण पालक आहेत हे?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी कंपनीच्या माणसाने चित्र थांबवलं. कोटवाला तोंड उघडं ठेवूनच गोठला. "आजोबा," तो माणूस नम्रपणे म्हणाला, "हे सर इथे नाहीत. हे रेकॉर्डिंग आहे. मागच्या वर्षी केलेलं."

 पलीकडची ठोकठोक नेमकी थांबली होती.

"म्हंजे सर आठे नहीतच?" नाना म्हणाले.

"नाही आजोबा."

"मंग पोरे इचारतीन कोनले?"

"प्रश्न लिहून पाठवता येतात. उत्तर चोवीस तासांत येतं."

नानांनी टोपी सारखी केली. मग पुन्हा शाळेच्या मराठीत म्हणाले, "माफ करा. माझी समजण्यात चूक झाली." आणि टोपी चौकटीतून गेली, निंब राहिला, मग निंबही गेला. कुणीतरी हसलं. माझ्या वडिलांना कुणी हसलेलं मला सहन होत नाही, लहानपणी ते शेवटच्या बाकावर बसायचे तेव्हाही व्हायचं नाही. मी माइक चालू करून सांगितलं, "ते माझे वडील आहेत." हसणं थांबलं.

बैठक संपल्यावर प्राचार्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, नानांवरून बोलतील. नानांनी घातलेल्या गोंधळाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या वडिलांचं म्हणणं एक वेळ मान्य करू, रेकॉर्डिंगला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. पण तुमच्या वर्गात तरी कोण विचारतं? मी तुमची रेकॉर्डिंग्ज बघितली. वडील सोडले तर सगळे गप्प. मग फरक काय राहिला?"

 ते खरंच होतं आणि म्हणून जास्त झोंबलं. ते पुढे म्हणाले, "उद्याच्या तासाला मी बसतो. बघू आणि ठरवू."

संध्याकाळी नानांचा फोन. "मनामुये तुना तास गया का?"

"नही नाना," मी म्हटलं. "अजून नही."

"मी येऊ नको का उद्या?"

मला नको म्हणवेना. म्हातारपणी माणसाला एवढी एक शाळा मिळाली होती. पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांसमोर ठोकठोक आणि "हात काढ" नको होतं, हेही तितकंच खरं. मी म्हटलं, या ना. आणि फोन ठेवून वर्गाची एक सेटिंग बदलली. आत येणारा प्रत्येक जण आपोआप म्यूट. ज्याला बोलायचं त्याने माइकचं बटण दाबावं. पोरांना ते बटण झोपेतही सापडलं असतं. नानांना सापडणार नव्हतं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बिबडे घातले नाहीत. उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या, कुणी आत जाऊ नये म्हणून. नवराही त्या दिवशी भाजीला गेला नाही. मी बाजेखाली शिरले. यादीत पोरं, प्राचार्य आणि "नवा मोबाईल". प्रत्येकापुढे लाल फुलीचा माइक.

मॅट्रिक्सचा व्यस्त काढायचा होता. मी पाटीवर मांडणी केली आणि बोलायला लागले.  एक ओळ, दुसरी ओळ, मधली बेरीज. "समजलं?" अंगठे. पुन्हा लिहिलं. "समजलं का?" अंगठे.  प्राचार्यांचं ते वाक्य डोक्यात घण घालत होतं. मी पुढची ओळ लिहिली आणि भीतीने हात तिथेच राहिला. मला वाटतं मी बराच वेळ तशीच पडून होते, पाटीवर हात ठेवून, बाजेची वीण बघत.

मग कुठेतरी बारीक टिक् असा आवाज झाला. मागे कोंबड्या. एका मुलीचा आवाज, घाबरलेला.

"मॅडम... हात."

"काय?"

"हात काढा ना. मधली ओळ नाही दिसत."

मी हात काढला. लगेच आणखी एक टिक्. "मॅडम, दुसऱ्या ओळीत वजा कुठून आला?" हा मुलगा मला आवाजावरून ओळखू आला नाही, वर्षभर मी त्याचा आवाजच ऐकला नव्हता. मी सांगायला लागले तर तिसरा म्हणाला, "मॅडम, परवाच्या तासाचंही मला समजलं नव्हतं." चौथी म्हणाली, मलाही नव्हतं. परवा अंगठा दिला होतास की, मी म्हटलं. तो सगळेच देतात मॅडम, ती म्हणाली. दोघं एकदम बोलायला लागले, मागे कोंबड्या, कुठे ट्रॅक्टर, कुणाच्या घरात कुकरची शिटी. कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी बाजेखालून ओरडले, "एकेकाने बोला! वर्ग आहे की बाजार?" वर्षभराने मी वर्गावर ओरडले होते. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

इतके दिवस "हात काढ" नाना सांगायचे. सांगणारं कोणीतरी होतं म्हणून पोरांना सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच ते काम त्यांच्यावर आलं होतं.

तास संपायच्या आधीच प्राचार्य यादीतून गेले.  थोड्या वेळाने त्यांचा मेसेज आला. "तास नेहमीप्रमाणे चालू ठेवा. पॅकेजचं पुढच्या वर्षी बघू. ते कॅमेऱ्याचं स्टँड कुठून घेतलंत, ते बाकीच्यांना कळवा." मी बाजेखालून सरपटत बाहेर आले आणि सासूबाईंच्या गळ्यात पडले. त्या म्हणाल्या, "पुरे, आता माझी बाज सोड."

नानांना फोन लावायला मोबाईल हातात घेतला तर वर्गाची यादी अजून उघडीच होती. सगळे गेले होते. "नवा मोबाईल" तेवढा राहिला होता. चौकटीत अर्धी टोपी, निंब. पुढे लाल फुली. टोपी हलत होती, म्हणजे ते काहीतरी बोलत होते. मी वर्ग बंद केला आणि साधा फोन लावला.

"काय म्हने साहेब?" त्यांनी पहिल्या घंटेलाच उचललं.

"तास चालू राहतीन, नाना."

पलीकडून मोठा सुस्कारा आला. मग आवाजात एकदम तपासणीसाहेब शिरले. "मी तीनदाव सांगं, हात काढ म्हनीसन. पहिले दोनदाव तुनं ध्यान नव्हतं. तिसरावक्ती जोरमा सांगं, तवय काढा. तो काल्हना कोटवाला, तेले कितलं सांगं, हालना नही. तू हालनी." मग त्यांनी विचारलं, "आयकू उनं ना तुले? आठे ठोकठोक जास्ती व्हती आज."

"उनं ना, नाना," मी म्हटलं. "बठ्ठं आयकू उनं."

फोन ठेवला, आणि आत येताना सगळ्यांना गप्प करणारी ती सेटिंग त्याच मिनिटाला काढून टाकली.